‘एक्झॅक्टली’ म्हणजे नेमकं काय, आणि तो कुठे वापरायचा?

प्रश्न असा आहे: शब्दकोशात ‘एक्झॅक्टली’पुढे ‘नेमका, तंतोतंत, बरोबर, अगदी’ असे चार-पाच अर्थ दिलेले असतात. वाक्य समोर आलं की त्यांतला कोणता घ्यायचा? आणि मराठीतून इंग्रजीत जाताना ‘अगदी’, ‘नेमकं’, ‘नक्की’ दिसलं की दर वेळी ‘एक्झॅक्टली’च घालायचं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे. इंग्रजी शिकवताना आणि भाषांतरं तपासताना या एका शब्दापाशी जितक्या चुका दिसतात, तितक्या मोठमोठ्या अवघड शब्दांपाशीही दिसत नाहीत. अवघड शब्दासाठी माणूस कोश उघडतो. ‘एक्झॅक्टली’ आपण दिवसभर मराठी बोलतानाही वापरतो, त्यामुळे तो तपासावा असं वाटतच नाही. पहिल्या प्रश्नाला मात्र सावकाश जायला हवं.

या शब्दाचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: कमीही नाही आणि जास्तही नाही. तो वरची वाट बंद करतो आणि खालचीही. बाकीचे सगळे अर्थ इथूनच फुटतात. मराठीत हे काम किती बारकाईने वाटलेलं आहे बघा. ‘पाच तरी मुलं येतील’ म्हटलं की खालची वाट बंद झाली. पाचाहून कमी नाहीत, जास्त आली तर हरकत नाही. ‘पाचच मुलं आली’ म्हटलं की वरची बंद झाली. पाचाच्या वर एकही नाही, आणि वर ‘फारच कमी आली’ हा सूरही त्यात आला. ‘बरोबर पाच मुलं आली’ म्हटलं की दोन्ही बाजू बंद झाल्या आणि कमी-जास्तीबद्दलची नाराजीही उरली नाही. ‘एक्झॅक्टली फाइव्ह’ म्हणजे हे तिसरं वाक्य. दुसऱ्या वाक्यासाठी इंग्रजीत ‘ओन्ली फाइव्ह’ आहे आणि पहिल्यासाठी ‘ॲट लीस्ट फाइव्ह’.

गणितात या तीन वाक्यांतला फरक मार्क घेऊन जातो. तीन नाणी एकदम उडवली तर एकूण आठ शक्यता असतात. ‘एक्झॅक्टली’ दोन छापा पडण्याची संभाव्यता ३/८. ‘ॲट लीस्ट’ दोन छापा म्हटलं की तीन छापांची शक्यताही धरायची, म्हणजे ४/८. ‘ॲट मोस्ट’ दोन म्हटलं की थेट ७/८. आकडेमोड तीच, पण एका शब्दावर उत्तर फिरतं. मराठी माध्यमातून आलेली हुशार मुलं इथे अडखळतात ती गणितामुळे नाही. त्यांच्या मनात ‘दोन छापा’ म्हणजे ‘निदान दोन तरी’ असं येऊन बसलेलं असतं आणि ‘एक्झॅक्टली’ हा शब्द त्यांना नुसता जोर देणारा वाटतो. इथे तो जोर देत नाही, मोजतो.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या पूर्वपरीक्षेत बऱ्याच प्रश्नांना ‘वरीलपैकी किती विधाने बरोबर आहेत’ असं विचारून ‘ओन्ली वन, ओन्ली टू, ऑल थ्री, नन’ असे पर्याय दिले होते. तिथला ‘ओन्ली टू’ प्रत्यक्षात ‘एक्झॅक्टली टू’चं काम करतो, कारण मोजणी पुरी झाल्यावर दोनच्या वर आणि खाली दोन्हीकडे जागा उरत नाही. मराठीत असा पर्याय लिहायची वेळ आली तर ‘फक्त दोन’ चालेल. पण संभाव्यतेच्या प्रश्नात मी ‘नेमके दोन’ किंवा ‘बरोबर दोन’ असंच लिहीन.

संगणकाच्या क्षेत्रात असणाऱ्यांना हा फरक रोज भेटतो. एका यंत्रणेकडून दुसरीकडे संदेश जातो तेव्हा तीन प्रकारची हमी देता येते: जास्तीत जास्त एकदा, कमीत कमी एकदा आणि ‘एक्झॅक्टली वन्स’. पहिलीत संदेश हरवू शकतो, दुसरीत तो दोनदा पोहोचू शकतो. खात्यातून पैसे वळते करणाऱ्या यंत्रणेत दोन्ही नको असतात. ‘अपाचे काफ्का’ या संदेश वाहून नेणाऱ्या संगणक-प्रणालीने २०१७ साली ०.११ या आवृत्तीत ‘एक्झॅक्टली वन्स’ची सोय आणली तेव्हा तिची मोठी चर्चा झाली, कारण संगणकांना जोडणारं जाळं मध्येच तुटू शकतं अशा जगात दोन्ही वाटा एकदम बंद करणं फार कठीण असतं. याचं मराठी कुणी ‘एकदाच’ असं केलं की मी हटकतो. ‘एकदाच’ने दुसऱ्यांदा पोहोचणं थांबतं, पण न पोहोचण्याचं काय? ‘नेमकं एकदा’ म्हणावं, किंवा लांब वाटलं तरी ‘एकदा, आणि एकदाच’ म्हणावं.

विज्ञानात या शब्दाला आणखी एक धार आहे. तिथे ‘एक्झॅक्टली’ म्हणजे फार काळजीपूर्वक मोजलेलं असं नव्हे. न मोजता ठरवलेलं. प्रकाशाचा निर्वातातला वेग सेकंदाला एक्झॅक्टली २९,९७,९२,४५८ मीटर आहे, कारण १९८३ साली मीटरची व्याख्याच त्या आकड्यावरून केली गेली. आता कितीही चांगलं उपकरण आणलं तरी हा आकडा हलणार नाही; हललीच तर मीटरची लांबी हलेल. इंच एक्झॅक्टली २५.४ मिलिमीटर आहे, कारण १९५९ साली इंग्रजी बोलणाऱ्या काही देशांनी मिळून यार्ड ०.९१४४ मीटर धरायचा असं ठरवलं. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमही पॅरिसजवळ जपून ठेवलेल्या धातूच्या ठोकळ्यावर अवलंबून राहिला नाही. प्लांकचा स्थिरांक (भौतिकशास्त्रातला एक मूलभूत आकडा) ६.६२६०७०१५ गुणिले दहाचा उणे चौतिसावा घात ज्यूल-सेकंद, एक्झॅक्टली, असं ठरवून टाकलं गेलं आणि किलोग्रॅम त्यावरून बांधला गेला.

आणि याची दुसरी बाजू जास्त सुंदर आहे. त्याच दिवशी पाण्याच्या त्रिक बिंदूचं (बर्फ, पाणी आणि वाफ तिन्ही एकत्र राहू शकतात त्या अवस्थेचं) तापमान, जे तोवर एक्झॅक्टली २७३.१६ केल्विन होतं, ते ‘एक्झॅक्टली’ राहिलं नाही. आकडा तोच दिसतो, पण आता तो मोजायचा आकडा आहे, त्याच्यापुढे किती चूक असू शकते तेही लिहावं लागतं. विज्ञानाचं मराठी लिहिताना अशा जागी ‘अचूक’ लिहू नये. अचूक म्हणजे चूक होऊ शकत होती पण झाली नाही. इथे चूक व्हायला वावच ठेवलेला नाही. मी ‘व्याख्येनुसार बरोबर इतका’ असं लिहितो. शब्द वाढतात पण अर्थ सांडत नाही.

रोजच्या बोलण्यात मात्र आकड्यांना सैलपणा असतो आणि तो सगळ्यांना मान्य असतो. ‘ती तीनला आली’ म्हटलं आणि घड्याळात तीन वाजून चार मिनिटं झाली होती, तर कुणी बोलणाऱ्याला खोटं पाडत नाही. पीटर लॅझरसन या भाषाशास्त्रज्ञाने १९९९ साली या सैलपणावर लिहिताना म्हटलं आहे की प्रत्येक शब्दाभोवती ‘चालवून घेण्याजोग्या’ अर्थांचं एक वलय असतं, आणि ‘एक्झॅक्टली’सारखे शब्द ते वलय आवळतात. माझ्या मते या शब्दाची इतकी चपखल व्याख्या दुसरी नाही. आवळतात म्हणजे पुसून टाकतात असं नाही. जेवणाला ‘एक्झॅक्टली एक’ला या म्हटलं तर एक वाजून वीस सेकंदांनी आलेला पाहुणा उशिरा आला असं होत नाही; शंभर मीटरच्या शर्यतीत मात्र सेकंदाच्या शंभराव्या भागानेही पदक जातं. किती आवळायचं ते प्रसंग ठरवतो.

यातून एक उपयोगी गोष्ट निघते. ‘एक्झॅक्टली’ शोभतो तो गोल आकड्यांना. शंभर, पाचशे, तीन वाजता, दोन किलो हे आकडे ढोबळही असू शकतात आणि काटेकोरही, म्हणून तिथे सांगावं लागतं. मुंबईच्या लोकलने जाणारा माणूस ‘आठ सत्तेचाळीसची फास्ट’ म्हणतो, लग्नपत्रिकेत मुहूर्त ‘दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांनी’ असा छापतात. असा आकडा स्वतःच आपला नेमकेपणा सांगतो. त्याच्यामागे ‘एक्झॅक्टली’ लावला तर चूक नाही, पण फुकटचा शब्द आहे. उलट दिशेला आपल्याकडे ‘एक’ हा फार छान प्रत्यय आहे: दहाएक माणसं, शंभरेक रुपये. एका अक्षरात वलय मोठं होतं. इंग्रजीला त्यासाठी ‘अबाउट’ किंवा ‘ऑर सो’ लागतं. आणि वेळेच्या बाबतीत ‘पाचच्या ठोक्याला’ हा आपला प्रयोग ‘ॲट एक्झॅक्टली फाइव्ह’पेक्षा कितीतरी जिवंत आहे. बोलकं मराठी हवं असेल तर तोच वापरा. इंग्रजीत त्याच्या जवळ जाणारं ‘ऑन द डॉट’ आहे. निमंत्रणांवर ‘फाइव्ह पीएम शार्प’ लिहायची पद्धतही त्याच अर्थाची.

संख्येकडून आता सारखेपणाकडे. ‘एक्झॅक्टली द सेम’, ‘एक्झॅक्टली लाइक हर मदर’, ‘एक्झॅक्टली व्हॉट आय वॉन्टेड’. गाभा तोच: तसूभरही फरक नाही. मराठीत मात्र इथे एक शब्द पुरत नाही. चेहरा आईसारखा असेल तर ‘हुबेहूब’. जबानी एकमेकींशी जुळत असेल तर ‘तंतोतंत’. मजकूर उतरवला असेल तर ‘जसाच्या तसा’. ‘मला अगदी हेच हवं होतं’ यात ‘अगदी’ आणि ‘च’ दोघं मिळून काम करतात. चित्रपटाच्या उपशीर्षकांत ‘ती नेमकी तिच्या आईसारखी दिसते’ असं वाचलं की लगेच कळतं, हे वाक्य इंग्रजीतून आलंय. मराठी माणूस ‘अगदी आईवर गेलीय’ म्हणेल. भाषांतर करणाऱ्याला माझा आग्रह असा की शब्दापुढे शब्द ठेवू नका. कशाचा सारखेपणा चाललाय ते बघा.

याच ठिकाणी ‘एक्झॅक्टली सिमिलर’ हा आपल्याकडचा लाडका प्रयोग येतो. ‘सिमिलर’ म्हणजे मिळतंजुळतं. त्यात फरक गृहीत आहे. फरक नसेल तर ‘एक्झॅक्टली द सेम’ म्हणा, थोडा असेल तर ‘व्हेरी सिमिलर’.

आता उलटा प्रवास, मराठीकडून इंग्रजीकडे. सगळ्यात जास्त घोटाळा ‘अगदी’मुळे होतो. ‘अगदी’ दोन कामं करतो. ‘अगदी तेच’मध्ये तो नेमकेपणा सांगतो, ‘अगदी थकलोय’मध्ये प्रमाण सांगतो. ‘एक्झॅक्टली’ला यातलं दुसरं काम जमत नाही. ज्या गोष्टीत थोडं, जास्त, फार असं होऊ शकतं, तिथे तो बसत नाही. ‘आय ॲम एक्झॅक्टली टायर्ड’ हे इंग्रजी नव्हे. ‘एक्झॅक्टली राइट’, ‘एक्झॅक्टली हाफ’, ‘एक्झॅक्टली ऑपोझिट’ चालतं, कारण बरोबर, अर्धा, विरुद्ध या गोष्टींना काठ असतो. त्या असतात किंवा नसतात. म्हणून ‘अगदी थकलोय’ला ‘कंप्लीटली एक्झॉस्टेड’, ‘अगदी जवळ’ला ‘व्हेरी क्लोज’, ‘अगदी लहानपणापासून’ला ‘राइट फ्रॉम चाइल्डहुड’, ‘अगदी शेवटी’ला ‘ॲट द व्हेरी एंड’, ‘अगदी आत्ता’ला ‘जस्ट नाऊ’. एका ‘अगदी’ला पाच ठिकाणी पाच वेगळी उत्तरं आहेत आणि ‘एक्झॅक्टली’ त्यांतल्या एकाही ठिकाणी नाही. पत्ता सांगताना आपण ‘एक्झॅक्टली ऑपोझिट टू द बँक’ म्हणतो, ते समजतं, पण इंग्रजी ज्यांची घरची भाषा आहे त्यांच्या तोंडी तिथे ‘राइट ऑपोझिट’ किंवा ‘डायरेक्टली ऑपोझिट’ येतं, आणि ‘टू’ गळतो.

‘नेमका’ची अडचण वेगळी आहे, आणि मला ती फार आवडते, कारण त्यात मराठीचा स्वभाव दिसतो. ‘कपडे वाळत घातले आणि नेमका पाऊस आला.’ ‘साहेब नेमके आजच लवकर आले.’ इथल्या ‘नेमका’त अचूकपणा नाही, कुरकुर आहे, सगळे दिवस सोडून हाच दिवस कसा सापडला, ही तक्रार आहे. ‘एक्झॅक्टली’ला ही तक्रार बोलता येत नाही. ‘एक्झॅक्टली देन द रेन केम’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला ते हवामान खात्याची नोंद वाटेल. इंग्रजीत याला ‘जस्ट व्हेन आय हॅड हंग आउट द वॉशिंग, इट रेन्ड’ किंवा ‘ऑफ ऑल डेज’ अशी वळणं आहेत. उलट बाजूने, इंग्रजी मजकुरातला साधा ‘ॲट एक्झॅक्टली दॅट मोमेंट’ मराठीत आणताना ‘नेमका त्याच क्षणी’ लिहिलं की मूळ वाक्यात नसलेली कुरकुर मराठीत शिरू शकते. तिथे ‘त्याच क्षणी’ एवढंच पुष्कळ होतं. ‘च’ने काम भागतं.

‘नक्की’चंही असंच. ‘नक्की काय झालं?’ म्हणजे ‘व्हॉट एक्झॅक्टली हॅपन्ड?’ पण ‘नक्की येतो’ म्हणजे ‘आय विल डेफिनेटली कम’. एकाच शब्दात नेमकेपणा आणि खात्री दोन्ही राहतात, इंग्रजीत त्यांची घरं वेगळी. ‘नक्की मला माहीत नाही’ हे मनात आधी येतं आणि मग तोंडून ‘एक्झॅक्टली आय डोन्ट नो’ असं बाहेर पडतं. भारतात हे इतकं ऐकू येतं की ते बरोबरच आहे असं वाटू लागतं. बरोबर वाक्य ‘आय डोन्ट नो एक्झॅक्टली’. थोडंफार ठाऊक आहे, बारकावे ठाऊक नाहीत. वाक्याच्या सुरुवातीला सुटा ‘एक्झॅक्टली’ ठेवला तर ऐकणाऱ्याला वाटतं, आपण त्याच्या आधीच्या बोलण्याला दुजोरा देतोय.

नकारात हा शब्द आपला रंग बदलतो. ‘इट इज नॉट एक्झॅक्टली फाइव्ह किलोमीटर्स’ हे साधं: पाचाहून थोडं कमी किंवा जास्त. पण ‘द हॉटेल वॉज नॉट एक्झॅक्टली क्लीन’ म्हणजे हॉटेल घाण होतं, आणि ते सौम्य शब्दांत सांगितलं आहे. लक्षात घ्या, ‘एक्झॅक्टली क्लीन’ एरवी चालत नव्हतं. ‘नॉट’ लागताच चालायला लागलं. कारण इथे ‘एक्झॅक्टली’ स्वच्छता मोजत नाही. ‘स्वच्छ’ हा शब्द इथे बसतो का, हे तो तपासतो, आणि ‘नॉट’ सांगतो की बसत नाही. मराठीत या जागी ‘काही’ आहे: ‘हॉटेल काही फार स्वच्छ नव्हतं.’ ‘तो काही मोठा विद्वान नाही’ यातला ‘काही’ही तोच. ‘हॉटेल नेमकं स्वच्छ नव्हतं’ असं भाषांतर केलं तर अर्थ पूर्ण मरतो, आणि हे वाक्य मी छापील पुस्तकांतही पाहिलं आहे.

एकटा ‘नॉट एक्झॅक्टली’ उत्तर म्हणून आला की तो ‘नाही’च असतो, फक्त चारचौघांत बोलण्याजोगा. ‘सो यू आर द मॅनेजर हिअर?’ ‘नॉट एक्झॅक्टली.’ म्हणजे ‘तसं नाही म्हणता येणार’. तिथे मॅनेजर आहे की नाही याबद्दल अर्धवट आशा धरू नये.

प्रश्नांमधला ‘एक्झॅक्टली’ हा माझ्या दृष्टीने सगळ्यात नाजूक भाग आहे. इथे व्याकरण बरोबर असूनही माणसं दुखावतात. मराठीत ‘तुम्हाला नेमकं काय हवंय?’ हा प्रश्न मऊ आहे. दुकानदार तो आपुलकीने विचारतो, डॉक्टर ‘नेमकं कुठे दुखतंय?’ म्हणतात तेव्हा धीर वाटतो. तो प्रश्न तसाच उचलून परदेशी ग्राहकाला ईमेलमध्ये लिहिला, ‘व्हॉट एक्झॅक्टली डू यू वॉन्ट?’, की त्याला वैतागलेला आवाज ऐकू येतो: तुला हवंय तरी काय? ‘व्हॉट एक्झॅक्टली डू यू मीन?’मध्ये संशय असतो. ‘एक्झॅक्टली व्हॉट डिड यू डू?’ तर जवळजवळ चौकशीच. समोरासमोर बोलताना चेहरा आणि आवाज हे सांभाळून घेतात. लिहिताना त्यातलं काहीच नसतं.

पुण्या-मुंबईच्या कार्यालयांतून बाहेरच्या लोकांशी लिहिणाऱ्या मुलामुलींना मी एकच सांगतो. प्रश्नातून ‘एक्झॅक्टली’ काढा आणि नेमकेपणा प्रश्नाच्या मजकुरात आणा. ‘कुड यू टेल मी विच रिपोर्ट यू नीड, अँड फॉर विच मंथ?’ असं विचारलं की प्रश्न जास्त नेमका होतो आणि कुणाला बोचत नाही. डॉक्टरांचा ‘व्हेअर एक्झॅक्टली डझ इट हर्ट?’ मात्र इंग्रजीतही प्रेमळच राहतो. तिथे विचारणाऱ्याचा हेतू आधीच स्पष्ट असतो.

अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी यात आणखी एक पोटप्रश्न आहे. दोन मराठी माणसं भेटली की ‘तुम्ही नेमके कुठले?’ हा पहिला प्रश्न. त्यात ओळख काढायची हौस असते. सातारा म्हटलं तर साताऱ्यात कुठे, तालुका कोणता, आणि मग कुणीतरी ओळखीचं निघतंच. तोच प्रश्न तिथे जन्मलेल्या, वेगळ्या वर्णाच्या माणसाला ‘व्हेअर एक्झॅक्टली आर यू फ्रॉम?’ असा विचारला तर त्याला ‘तू इथला दिसत नाहीस’ असं ऐकू येतं. त्याने तो आयुष्यभर ऐकलेला असतो. आपला हेतू कितीही चांगला असला तरी तो प्रश्न तिथे टाळावा.

‘एक्झॅक्टली!’ हे सुटं उत्तर आपण मराठी बोलतानाही सर्रास देतो. त्याची मराठी भावंडं: ‘अगदी!’, ‘तेच तर!’, ‘हेच म्हणतोय मी’, आणि जोर द्यायचा असेल तर ‘बरोब्बर!’. यांतला प्रत्येक ‘एक्झॅक्टली’इतकाच पुरेसा आहे. इंग्रजीत हे उत्तर कधी द्यायचं त्याला एक बारीक अट आहे. समोरच्याने काहीतरी मांडलं पाहिजे: निष्कर्ष, सारांश, कारण. ‘म्हणजे पैसे आधी भरले तर व्याज वाचेल?’ ‘एक्झॅक्टली.’ हे चपखल. पण ‘तुम्ही पुण्याचे ना?’ याला मराठीत ‘बरोबर’ म्हणतात म्हणून इंग्रजीत ‘एक्झॅक्टली’ म्हटलं तर विचित्र वाटतं. तिथे ‘येस, दॅट्स राइट’ हवं. पुणेकर असणं ही माहिती आहे, शोधून काढलेला मुद्दा नव्हे. शिवाय ‘एक्झॅक्टली’ म्हणणारा स्वतःला परीक्षकाच्या जागी बसवतो: माझ्या मनात होतं तेच तू बोललास. मित्रांत हे छान. आपल्याला काही शिकवत असलेल्या वरिष्ठांना दर वाक्याला ‘एक्झॅक्टली’ म्हणत राहिलं तर आपणच त्यांना गुण देतोय असं वाटतं. तिथे ‘आय सी’ किंवा ‘राइट’ बरं.

जागेबद्दल थोडक्यात. ज्या शब्दाला आवळायचं त्याच्या लगेच आधी: ‘एक्झॅक्टली टेन’, ‘एक्झॅक्टली व्हेअर’. वेळेच्या बाबतीत ‘ॲट एक्झॅक्टली फाइव्ह’ आणि ‘एक्झॅक्टली ॲट फाइव्ह’ दोन्ही चालतात. पहिलं जास्त रुळलेलं. क्रियापदाला लागत असेल तर कर्मानंतर: ‘कॉपी द नंबर एक्झॅक्टली’. प्रश्नात ‘व्हॉट’च्या मागेपुढे कुठेही. ‘एक्झॅक्टली अबाउट टेन’ असं कधीच नाही. एक शब्द वलय आवळतो, दुसरा सैल करतो.

नातेवाईक शब्दांमध्ये ‘प्रिसाइसली’ सर्वांत जवळचा, पण जरा औपचारिक. त्याची एक खास जागा आहे: ‘प्रिसाइसली बिकॉज’. ‘त्याला अनुभव नव्हता म्हणूनच तर त्याला निवडलं’ यातलं ‘म्हणूनच तर’ इंग्रजीत आणायचं असेल तर हाच शब्द घ्या. लॅटिनमध्ये त्याच्या मुळाचा अर्थ पुढून छाटून टाकणं असा आहे. जास्तीचं कापून उरलेलं ते प्रिसाइस. ‘ॲक्युरेटली’च्या मुळाशी काळजी आहे, म्हणून ते ‘अचूकपणे’ला जुळतं: नेम, मोजमाप, अंदाज. नियम पाळण्याबद्दल बोलत असाल तर ‘काटेकोरपणे’ला ‘स्ट्रिक्टली’.

आणि ‘एक्झॅक्ट’चं स्वतःचं मूळ? लॅटिन ‘एक्सिगेरे’: बाहेर काढणं, मागून घेणं, आणि मापाशी ताडून बघणं. म्हणून इंग्रजीत ‘एक्झॅक्ट’ हे क्रियापद आजही वसुलीच्या अर्थाने जिवंत आहे. कर, खंडणी, किंमत वसूल करायची ती ‘एक्झॅक्ट’ करतात. ‘एक्झॅक्ट रिव्हेंज’ म्हणजे सूड उगवणे, ‘नेमका सूड’ नव्हे. ‘ॲन एक्झॅक्टिंग टीचर’ म्हणजे अचूक शिक्षक नव्हे; विद्यार्थ्याकडून कसून काम करून घेणारा. बसमधला ‘एक्झॅक्ट चेंज’ मात्र साधा: तिकिटाइतकेच पैसे. आपले ‘सुट्टे’ त्याहून सैल आहेत. शंभराच्या नोटेऐवजी दहा-दहाच्या दिल्या तरी ते सुट्टेच.

उच्चार शेवटी सांगतो, कारण तो लवकर दुरुस्त होतो. आपण ‘एक्झॅक्टली’ लिहितो, पण इंग्रजीत तो ‘इग्-झॅक्ट्-लि’ असा आहे. सुरुवातीला ‘इ’, मग ‘क’ऐवजी ‘ग’, आणि सगळा जोर ‘झॅ’वर. बोलण्याच्या वेगात मधला ‘ट’ गळून ‘इग्झॅक्लि’ होतो, आणि ती चूक मानली जात नाही. सुशिक्षित इंग्रजही तसंच बोलतात. ‘क्स’चा ‘ग्झ’ होतो तो जोर त्याच्या पुढच्या स्वरावर असेल तर: ‘इग्झॅम’, ‘इग्झिस्ट’, ‘इग्झाम्पल’. जोर आधीच्या स्वरावर असेल तर ‘क्स’ राहतो: ‘एक्सरसाइझ’, ‘एक्सिक्यूट’. म्हणून ‘एक्सिक्यूट’ करणारा माणूस मात्र ‘इग्झेक्युटिव्ह’.